कचेरी मोडीत निघते तेव्हा

वर्तमानपत्र हाती आले की कोणी आधी राशिभविष्य पाहतो, कोणी क्रिकेट, तर कोणी निधनवार्ता. जाहीर नोटिशींचे पान मात्र बहुतेक घरांत फडताळाच्या फळीवर अंथरण्याच्याच कामी येते. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात एकतीस वर्षे काढली, त्यामुळे ते पान वाचण्याची खोड मला जडली ती जडलीच. सौभाग्यवती म्हणतात, "तुम्हांला पेन्शन लागली, पण नोटिशींचे व्यसन काही सुटले नाही!" सुटणार कसे? त्या बारीक टायपातल्या चौकटींत अधूनमधून एखाद्या गावाचा शंभर वर्षांचा इतिहास चार ओळींत निकालात निघालेला असतो.

त्या चौकटीची भाषा ठरलेली असते. 'जुन्या कार्यालयीन इमारतीच्या साहित्याचा जाहीर लिलाव. सागवानी लाकूड, मंगलोरी कौले, घडीव दगड. जसे आहे जेथे आहे या तत्त्वावर.' याच्या आधी जे घडलेले असते त्याला आमच्या खात्यात 'निर्लेखन' असे भारदस्त नाव आहे. निर्लेखन म्हणजे सरकारी नोंदवहीतून इमारतीचे नाव खोडणे. माणसाचा मृत्यूचा दाखला असतो ना, तसाच हा वास्तूचा दाखला. फरक इतकाच, की माणसाचा दाखला तो गेल्यावर मिळतो आणि वास्तूचा ती उभी असताना.

आपल्या सह्याद्रीतल्या थंड हवेच्या गावांत अशा इमारती पुष्कळ, कारण ही गावेच मुळी सरकारच्या पायगुणाने वाढलेली. महाबळेश्वरचे उदाहरण घ्या. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून हा डोंगर मिळवला, तो विकत नव्हे, तर वाईकडचे खंडाळा गाव मोबदल्यात देऊन. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेस पडले. साहेब डोंगरावर चढला की त्याच्या मागून कचेरी चढे, कचेरीमागून तारऑफिस, दवाखाना, डाकबंगला आणि पोलिसचौकी. बाजार वसे तो या सगळ्यांच्या पोटापाण्यासाठी. म्हणून या गावांत देवळाच्या खालोखाल मान असतो तो कचेरीला.

असल्याच एका लहानशा घाटमाथ्यावरच्या गावात १९९०च्या दशकात माझी शाखा अभियंता म्हणून नेमणूक झाली. गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही. तुमच्या ओळखीच्या कोणत्याही गावाचे नाव तेथे घालून वाचावे, फारसे काही चुकणार नाही. गावात एक जुनी मामलेदार कचेरी होती. काळ्या दगडाच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, चुन्याचा दर्जा, वर सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौले, समोर लांबच लांब ओसरी. ओसरीवर दोन बाके. त्या बाकांवर तीन-चार पिढ्या बसून गेल्या होत्या. कोणी सात-बाऱ्याच्या उताऱ्यासाठी, कोणी वारसाच्या नोंदीसाठी, कोणी दुष्काळी कामाच्या मजुरीसाठी, तर कोणी रेशनकार्डावर नव्या सुनेचे नाव चढवण्यासाठी. शेजारी थोडी अलग अशी दोन खोल्यांची तिजोरीची इमारत होती. तिच्या खिडक्यांना मनगटाएवढे गज होते.

मी रुजू झालो तेव्हा कचेरीला कुलूप लागून चार पावसाळे झाले होते. एस.टी. स्टँडजवळ सिमेंटची दुमजली प्रशासकीय इमारत उभी राहिली आणि सगळे दप्तर तिकडे गेले. त्यात गैर काही नव्हते. जुन्या कचेरीत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हते, पावसाळ्यात दप्तराला बुरशी येई, संगणक ठेवायला धड कोरडा कोपरा नव्हता. नवी इमारत गावाला हवीच होती. प्रश्न होता तो जुनीचा.

डोंगरातला पाऊस ज्याने पाहिलेला नाही, त्याला कुलपाचा अर्थ कळायचा नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. असल्या पावसात जुनी इमारत टिकते ती दगडाच्या बळावर नव्हे, तर शाकारणीच्या बळावर. दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस कौले उतरवायची, फुटकी बदलायची, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, वाऱ्याच्या बाजूला गवताच्या ताट्या बांधायच्या. एवढे केले की इमारत आणखी एक वर्ष जगली! पण शाकारणीला पैसा लागतो, आणि पैसा मागायला इमारतीत कोणीतरी बसलेले असावे लागते. साहेबाच्या टेबलावर पाणी ठिबकले की दुसऱ्या दिवशी आमच्या उपविभागाला फोन येतो. रिकाम्या खोलीत पाणी ठिबकले तर फोन कोणी करायचा?

पुढचा क्रम आयुर्वेदातल्या रोगाच्या पायऱ्यांसारखा ठरलेला आहे. पहिल्या पावसाळ्यात माकडे चार कौले सरकवतात. दुसऱ्यात त्या भोकाखालची पट्टी कुजते. तिसऱ्यात तुळईचे भिंतीत रुतलेले टोक ओल धरते. हे टोक फार नाजूक असते, कारण बाहेरून ते दिसत नाही. चौथ्यात कैची एक बोटभर खाली बसते आणि भिंतीचा चुना पिठासारखा गळू लागतो. मग कोणीतरी येऊन फलक लावतो : 'इमारत धोकादायक आहे. आत जाऊ नये.' गावकरी म्हणतात, "म्हातारी झाली बिचारी." म्हातारी कसली? शंभर वर्षे धडधाकट असलेली इमारत चार वर्षांत म्हातारी होत नसते. तिची काळजी घेणारे माणूस निघून गेलेले असते, इतकेच.

मूल्यांकनाचे काम माझ्याकडे आले. हे गणित कसे असते ते सांगतो, कारण त्यात एक मोठी गंमत आहे. इमारतीचे आयुष्य गृहीत धरायचे, पक्क्या दगडी बांधकामाला साधारण ऐंशी ते शंभर वर्षे. जितकी वर्षे झाली तितका घसारा वजा करायचा. आयुष्य सरले की भिंतीची किंमत कागदावर संपते. उरते ते भंगारमूल्य, म्हणजे लाकूड, लोखंड आणि कौले यांचे मोल. ते ढोबळमानाने दहा टक्के धरण्याचा रिवाज. आमच्या कचेरीने शंभरी ओलांडलेली होती. माझ्या कागदावर ती शून्यावर आली होती.

आता दुसरे पुस्तक उघडा. प्राचीन स्मारकांचा जो १९५८ चा केंद्रीय कायदा आहे, त्यात प्राचीन स्मारक कशाला म्हणावे याची व्याख्या आहे. वास्तू किमान शंभर वर्षांची असली पाहिजे! म्हणजे ज्या वयाला आमच्या खात्याच्या हिशेबात इमारत निकालात निघते, त्याच वयाला ती स्मारकाच्या दाराशी पोचते. शंभर वर्षांची प्रत्येक इमारत स्मारक होते असे मुळीच नव्हे. त्याला इतिहासाचे वा कलेचे महत्त्व लागते आणि सरकारची वेगळी घोषणा लागते. पण एकाच सरकारच्या दोन पुस्तकांत एकाच वयाचे असे दोन अर्थ आहेत, आणि मधल्या फटीत आपल्या गावोगावच्या कचेऱ्या नाहीशा होत आहेत.

मी माझ्या टिपणात भंगारमूल्य लिहिले आणि खाली दोन ओळी जोडल्या : दगडी भिंती सुस्थितीत आहेत, छप्पर दुरुस्त केल्यास अन्य वापर शक्य आहे, कोणत्याही विभागाची वा नगरपरिषदेची मागणी असल्यास विचार व्हावा. उत्तर सभ्य भाषेत आले. मागणी प्राप्त झालेली नाही, तरी पुढील कार्यवाही करावी. उत्तर खरेच होते. चार वर्षांत कोणीही, अगदी कोणीही, ती इमारत मागितलेली नव्हती.

लिलाव हल्ली संकेतस्थळावर होतात. त्या वेळी तो आवारातच झाला. चार-पाच लाकूडवाले आले होते. बोलीआधी प्रत्येकाने अनामत रक्कम भरली. लाकूडवाला तुळईकडे कसा पाहतो ते पाहण्यासारखे असते. तो वर पाहतच नाही. खिशातून चाकू काढतो, खांबाच्या बुडाशी टोचतो आणि नुसता वास घेतो. एका शेटजींनी पडलेले कौल उचलून उलटे केले. पाठीवर 'बासेल मिशन' आणि खाली '१८६५' असा ठसा.

"साहेब, कौलं बघा किती जुनी! अठराशे पासष्टची. ह्याला मुंबईत बंगलेवाले चांगला भाव देतील."

"शेटजी, ते कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे, कौलाचं नव्हे," मी म्हणालो. खरेच आहे ते. जर्मन-स्विस पाद्र्यांच्या त्या मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे आपल्या मालावर ते साल छापत राहिले.

"तुम्ही कशाला सांगता गिऱ्हाइकाला?" शेटजी हसून म्हणाले. बोली त्यांनीच जिंकली. एक वार, दोन वार, तीन वार झाले, आणि कचेरी संपली.

त्या दिवशी ओसरीच्या टोकाला कचेरीतले निवृत्त शिपाई तात्या बसून होते. शेटजींची माणसे बाक उचलू लागली तेव्हा ते पुढे आले. "रावसाहेब, हे बाक यादीत हाय का?" मी यादी पाहिली. बाक जंगम मालमत्ता म्हणून महसूल खात्याचे, आमच्या यादीत नव्हते. "नाही, तात्या." "मग ठेवा म्हणावं खाली," तात्या म्हणाले, आणि ते बाक त्यांनी त्याच दुपारी हातगाडीवर घालून नव्या कचेरीच्या दारात नेऊन ठेवले. सरकारी मालमत्ता सरकारी जागेतच राहिली, नियमाला कोठे धक्का लागला नाही!

महिन्याभरात छप्पर उतरले, मग दगड गेले. पण जमीन? जमीन शेटजींना मिळाली नव्हती. येथेच सामान्य वाचकाची गफलत होते. 'सरकारी कचेरी विकली' असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा विकले जाते ते फक्त साहित्य. जमीन सरकारचीच राहते. तिची विल्हेवाट १९६६ चा जमीन महसूल कायदा आणि त्याखालचे १९७१ चे नियम यांनुसार, निराळ्या फायलीतून होते. माथेरान-महाबळेश्वरकडे तर बंगल्यांचेही पुष्कळसे भूखंड भाडेपट्ट्याचे आहेत. त्यामुळे आमच्या गावी झाले असे, की इमारत गेली, पैसे सरकारजमा झाले, आणि भर बाजारातली जागा मोकळी पडली. मी बदलून गेलो तेव्हा तेथे पर्यटकांच्या जीपगाड्या उभ्या राहत होत्या. दगडी वास्तूच्या मोबदल्यात गावाला वाहनतळ मिळाला, तोही चिखलाचा.

सगळेच मात्र गेले नाही. तिजोरीच्या दोन खोल्या निर्लेखनाच्या प्रस्तावात नव्हत्या, कारण त्यांचे छप्पर शाबूत होते. कचेरी उतरताना पाहून गावातल्या शाळेच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका जाग्या झाल्या. त्यांनी बाजारात सह्या गोळा केल्या, नगरपरिषदेकडून ठराव करून घेतला आणि वाचनालयासाठी त्या खोल्यांची मागणी केली. ठराव, नकाशा, मिळकत पत्रिकेचा उतारा, देखभालीची हमी असे सगळे कागद त्यांनी एका सुती रुमालात बांधून आणले होते. "कागद कमी पडला म्हणून नाही म्हणायचं नाही हं," त्यांनी मला बजावले. कागद कमी पडला नाही. दीड वर्ष लागले, पण खोल्या मिळाल्या. जेथे सरकारी खजिना होता तेथे आज पुस्तकांची कपाटे आहेत, आणि ते मनगटाएवढे गज अजून खिडक्यांना आहेत. पुस्तके चोरीला जाण्याची भीती नाही!

या दोन इमारतींमध्ये दगडाचा फरक नव्हता, चुन्याचा नव्हता, वयाचाही नव्हता. एकीला मागणारे माणूस वेळेवर भेटले, दुसरीला भेटले नाही. माझ्या सगळ्या नोकरीचा निष्कर्ष मी एका वाक्यात सांगतो : सरकारी इमारत लिलावाच्या दिवशी विकली जात नाही, तिला कुलूप लागते त्याच दिवशी विकली जाते. लिलाव हे नुसते उत्तरकार्य.

निवृत्तीनंतर अमेरिकेत पुतणीकडे गेलो. ती डेन्व्हरला असते. तिने रॉकी पर्वतातली लहान लहान गावे हिंडवली. अशा गावांत जंगलखात्याचे ठाणे हीच कचेरी. रिकाम्या झालेल्या अशा ठाण्यांचे काय करतात, अशी मी चौकशी केली. जुन्या खोडीला परदेशातही उतार नाही! तेथे १९४९ चा एक कायदा आहे. एखादी संघराज्याची इमारत एका खात्याला नकोशी झाली, तर आधी इतर खात्यांना विचारतात. कोणालाच नको असेल तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे बेघरांच्या सोयीसाठी ती उपयोगी पडेल का ते पाहतात. मग शाळा, उद्यान, दवाखाना अशा लोकोपयोगी कामासाठी सवलतीत देता येते. ऐतिहासिक वास्तू असेल तर जतनाच्या अटीवर गावाला फुकटसुद्धा देता येते. या पायऱ्या संपल्या की मग लिलाव. जंगलखात्याला तर २००५ मध्ये अशी मुभा मिळाली, की नको असलेली ठाणी विकून आलेला पैसा स्वतःच्या उरलेल्या इमारतींवर खर्च करावा. इंग्लंडात २०११ च्या कायद्याने निराळी युक्ती काढली. गावाने एखादी वास्तू 'लोकांच्या उपयोगाची' म्हणून यादीत नोंदवून ठेवली असेल, तर मालकाने ती विकायला काढताच गावकऱ्यांना पैसे उभे करायला सहा महिन्यांची सवड मिळू लागली.

तेथे सगळे सोन्याचे आहे असे मी म्हणत नाही. तेथेही इमारती पडतात, आणि मोक्याच्या जागा बड्या गिऱ्हाइकांच्या हाती जातात. पण 'पुढचा रहिवासी कोण?' हा प्रश्न विक्रीच्या आधी विचारायचा, एवढे त्यांनी कायद्यात लिहून ठेवले आहे. आपल्याकडे इतर खात्यांना विचारण्याची पद्धत आहे, स्थानिक संस्थांना जागा देण्याची तरतूदही आहे. मात्र मागणारा पुढे आला तरच ती हलते.

आणि आपल्याच देशात याचा उत्तम नमुना आहे तो सिमल्याला. तेथला व्हाइसरॉयचा वाडा १८८८ मध्ये पुरा झाला. स्वातंत्र्यानंतर ते राष्ट्रपति निवास झाले, पण एवढी प्रचंड वास्तू वर्षातले थोडे दिवस वापरायची म्हणजे पांढरा हत्ती पोसणेच. राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तेथे उच्च अभ्यासाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. विद्वान आले, ग्रंथालय आले, दिवे लागले. छप्पर गळले तर ओरडणारी माणसे आली! त्या वाड्याआधी व्हाइसरॉय जेथे राहत, त्या पीटरहॉफचे नशीब वेगळे. स्वातंत्र्यानंतर तेथे पंजाबचे उच्च न्यायालय बसे. गांधीजींच्या खून खटल्यातले अपील १९४९ मध्ये तेथेच चालले. पुढे तेथे हिमाचलच्या राज्यपालांचे निवासस्थान झाले आणि १९८१ मध्ये ती इमारत आगीत गेली. आज त्या नावाचे सरकारी हॉटेल त्या जागी आहे, पण ते नवे बांधकाम. जतनाला कायदा लागतो, माणूस लागतो, आणि थोडे दैवही लागते हे कबूल केले पाहिजे.

कोणी म्हणेल, सरकारने काय जुनी घरे सांभाळत बसावे? शाळांना खोल्या नाहीत, दवाखान्यांना औषधे नाहीत, आणि तुम्हांला कचेरीच्या कैच्यांचे दुःख! हा आक्षेप मला मान्य आहे. प्रत्येक जुनी इमारत ठेवण्याजोगी नसते. काही खरोखरच धोक्याच्या असतात, काही मूळचीच हलक्या हाताची बांधणी. त्या विकाव्यात, पैसा करावा, नवे बांधावे. माझे म्हणणे एवढेच की निर्णय डोळे उघडे ठेवून व्हावा, गळक्या कौलाने करू नये. महाबळेश्वर-पाचगणीचा टापू २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाले. तेथे नव्या बांधकामावर कडक बंधने आली. अशा ठिकाणी उभी असलेली भक्कम भिंत मोडून पुन्हा बांधणे किती अवघड ते सांगायला नको. घसाऱ्याच्या कोष्टकात या अडचणीला रकाना नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुटीत तुम्ही गावी जाल किंवा थंड हवेला जाल, तेव्हा बाजारातून एक फेरी मारा. नवी प्रशासकीय इमारत उठलेली दिसली की जुनी कोठे आहे ते विचारा. तिला कुलूप असेल तर केव्हा लागले ते विचारा. एक-दोन पावसाळेच झाले असतील तर अजून वेळ गेलेली नाही. वाचनालय असो, पाळणाघर असो, महिला मंडळ असो की ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा असो, गरज नेमकी शोधा. नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा ठराव करून घ्या. मिळकत पत्रिकेचा उतारा काढा. शाकारणीचा खर्च दर वर्षी कोण करणार ते अर्जात स्पष्ट लिहा, कारण वरचा अधिकारी प्रथम तेच पाहतो. आणि अर्ज द्याल तो महसूल आणि बांधकाम या दोन्ही कचेऱ्यांत द्या. एकीकडे जमीन असते, दुसरीकडे भिंती. पोच घ्यायला विसरू नका, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत तिचा पाठपुरावा करा. कौले सरकवणारी माकडे कोणाच्याही मंजुरीची वाट पाहत नाहीत.